घरात मांजर आहे? मग एक हंडा पाणी आणि साबणाची वडी राखून ठेवा

मांजराने ओरबाडले तर तुम्ही काय करता? बहुतेक घरांत हात झटकला जातो, रक्त आले तर वर चिमूटभर हळद दाबली जाते आणि मांजराला दोन शिव्या मिळतात. विषय तिथेच संपतो. तेच कुत्रा चावला की शेजारी जमतात, गाडी शोधली जाते, "इंजेक्शन आहे का?" म्हणून दवाखान्यात फोन जातो. दोन्ही प्राण्यांच्या लाळेतून येऊ शकणारा रोग एकच आहे, रेबीज. त्याची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की आजही त्यावर भरवशाचा उपाय नाही. तरी कुत्र्याची आपल्याला भीती वाटते आणि मांजराची वाटत नाही, कारण ते आपल्या अंथरुणात झोपते.

जिवतीच्या डोंगरावर राहणाऱ्या आणि घरात मांजर असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आणीबाणीची थोडी तयारी आधीच करून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातल्या मांजरप्रेमींसाठी अशा तयारीच्या याद्या मिळतात. त्यांत प्लास्टिकचा पिंजरा, तयार खाद्याचे डबे, मांजराचा फोटो, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असे बरेच काही असते. त्यात चूक काही नाही. पण ज्या घरापासून मोठे रुग्णालय घाट उतरून आणि नदी ओलांडून आहे, त्या घराची यादी वेगळी असायला हवी. तिच्यात पहिले नाव पाण्याचे यावे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मांजर पाळू नका, असे मी सांगणार नाही. कणगीतली ज्वारी, पोत्यातली तूर, पुढच्या पेरणीचे बियाणे हे सगळे उंदरांपासून कोण राखते, हे गुड्यावरच्या बायांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. घरात उंदीर कमी असले की त्यांच्या मागावर येणारे सापही कमी येतात. इथले मांजर हौसेपेक्षा कामाचे असते. अडचण दुसरीच आहे. ते एका घराचे नसते. सकाळी एका ओसरीवर दूध पिते, दुपारी दुसऱ्या घरच्या चुलीमागे झोपते, रात्री वावरात फिरते. तीन घरे त्याला खाऊ घालतात आणि लस टोचून आणायचे काम तिघांपैकी कोणाचेच नसते.

मांजराला रेबीज होतो कसा?

भारतात रेबीज मुख्यतः कुत्र्यांमध्ये टिकून आहे. मांजराला तो बहुधा कुत्र्याच्या चाव्यातून होतो, कधी जंगलातल्या एखाद्या प्राण्याकडून. रात्री बाहेर भटकणाऱ्या बोक्याची झुंज कोणाशी झाली, हे आपल्याला सकाळी कळत नाही. पायावर एक जखम दिसते, ती बरी होते, आपण विसरतो. काही आठवड्यांनी तेच मांजर कारण नसताना अंगावर धावून येते, आवाज बदलतो, लाळ गळते, चालताना मागचे पाय ओढते. काही वेळा उलटे होते: ते अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते, आणि "आजारी दिसते" म्हणून कोणीतरी त्याला हाताने बाहेर काढायला जाते.

देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीवरून भारतात रेबीजने दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे मरतात असा अंदाज काढण्यात आला आहे. प्राण्यांच्या चाव्यांची वर्षाची संख्या त्याच पाहणीत सुमारे ९१ लाख निघाली. त्यातले तीन-चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे होते. राहिलेल्या हिश्श्यात मांजरेही येतात. मांजर चावलेल्या बहुतेकांना काहीच होणार नाही, हे खरे. पण आपल्याला चावलेले मांजर कोणत्या गटातले आहे, हे चाव्याच्या दिवशी त्याच्याकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. लाळेत विषाणू उतरतो तेव्हा, म्हणजे लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधी, ते अगदी धडधाकट दिसू शकते.

पंधरा मिनिटे धुवायचे, पण पाणी कुठले?

चावा किंवा ओरखडा झाल्यावर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हा सल्ला जगभर दिला जातो. रेबीजच्या विषाणूवर मेदाचे पातळ आवरण असते. साबणाने ते फाटते आणि विषाणू निकामी होतो. शिवाय पाण्याबरोबर जखमेतली लाळ वाहून जाते. ही पंधरा मिनिटे म्हणजे उपचाराचाच पहिला भाग आहे, आणि तो दवाखान्यात पोचण्याआधी घरातच करायचा असतो. तिथे पोचायला दोन तास लागणार असतील तर त्याचे मोल आणखी वाढते.

पण हा सल्ला ज्यांच्या घरी नळ आहे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. एप्रिल-मे महिन्यात माणिकगड पहाडावरच्या कोलामगुड्यांत पाण्याची काय स्थिती असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. टँकरची वाट पाहणाऱ्या, झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बाईला "पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धरा" असे सांगून आपण डॉक्टर मंडळी मोकळी होतो. मग ती दोन तांबे पाणी ओतते आणि झाले म्हणते. दोष तिचा नाही.

म्हणून हिशोब करून सांगतो. तांब्याने बारीक धार धरली तर मिनिटाला साधारण एक लिटर पाणी लागते. पंधरा मिनिटांना पंधरा लिटर, म्हणजे एक मोठा हंडा. नळ नसेल तर एकाने धार धरावी, दुसऱ्याने साबण लावत राहावे. मांजराचा दात बारीक असतो, जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आत खोल असते. म्हणून फक्त वरवर फेस न करता जखमेच्या तोंडाशी पाणी जाऊ द्यावे. कपड्याचा, भांड्याचा, अंगाचा कोणताही साबण चालतो. गाळलेलेच पाणी हवे असे नाही, वापरायचे स्वच्छ पाणी पुरे. घरात मांजर असेल तर उन्हाळ्यातही एक झाकलेला हंडा आणि साबणाची एक वडी वेगळी ठेवा. हंड्यातले पाणी दर दोन-तीन दिवसांनी वापरून पुन्हा भरले की ते वायाही जात नाही.

धुऊन झाल्यावर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर ते लावा. तिखट, हळद, चुना, तंबाखू, तेल, कॉफीची पूड, झाडपाल्याचा लेप यातले काहीही नको. तिखटाने जखमेचा दाह वाढतो, तेलाने आतली लाळ आतच राहते. जखम घट्ट बांधू नका. टाके शक्यतो घालायचे नसतात. देवाधर्माचे जे करायचे असेल ते जरूर करा, त्याला माझी हरकत नाही. फक्त ते दवाखान्यातून परत आल्यावर करा.

मुलांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. मांजराशी सर्वांत जास्त खेळणारी तीच, आणि ओरखडा लपवणारीही तीच. "मांजराला छळलेस म्हणूनच चावले" असे बोलणे बसेल या भीतीने मूल गप्प राहते. मुलांना रागावू नका. "मनीने ओरबाडले तर लगेच सांग, कोणी काही म्हणणार नाही" हे त्यांना दोन-चार वेळा सांगून ठेवा. आंघोळ घालताना हातपाय पाहत जा.

लस: पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत

अजूनही काही वडीलधारी माणसे पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण काढून दवाखाना टाळतात. ती लस १९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस दंडात दिली जाते, दुखते ती साध्या सुईइतकीच. गरोदर बाईला, अंगावर दूध पाजणाऱ्या आईला, तान्ह्या बाळालाही ती देता येते.

सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत थोडी थोडी लस देतात. पहिला दिवस शून्य धरला, तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांत. खासगीत स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस होतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. "शेजाऱ्याला पाच दिले, मला चारच का?" म्हणून घाबरू नका.

लस कोणाला लागते? मांजराने उघड्या कातडीला दात लावले किंवा रक्त न येता ओरखडा उठला तरी लस घ्यावी. दात आत गेला, ओरखड्यातून रक्त आले, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्याला, ओठाला मांजराने चाटले तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. त्याबद्दल पुढे लिहितो. धड कातडीवर नुसते चाटले तर काहीही लागत नाही, हात धुवा आणि कामाला लागा.

तारखा पाळणे आपल्याकडे अवघड जाते, ते मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी बाजार असतो, सातव्या दिवशी मजुरी, आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत माणूस मिरची तोडायला तेलंगणात गेलेला असतो. तसे असेल तर लसीचा कागद बरोबर न्या. डोस कुठल्या राज्यात घेतला याला महत्त्व नाही, देशभर वेळापत्रक एकच आहे. सीमेवरच्या गावांतली माणसे दोन्हीकडच्या कागदपत्रांना सरावलेली आहेतच, त्यात हा एक कागद वाढला म्हणायचे. एखादा डोस दोन-चार दिवस उशिरा झाला तर सगळे पहिल्यापासून करायचे नसते, तिथून पुढे चालू करायचे असते. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसणे मात्र जीवावर बेतू शकते.

एक सूचना औषधाच्या दुकानातून लस विकत घेऊन येणाऱ्यांसाठी. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यात गडचांदूरहून खिशात घालून आणलेली लस वर पोचेपर्यंत कामाची राहीलच असे नाही. बर्फाच्या थर्मासमध्ये आणा, नाहीतर जिथे मिळते तिथेच टोचून घ्या.

पूर आला आणि रस्ता बंद झाला तर

माझ्या दृष्टीने जिवतीची खरी अडचण इथे आहे.

लस अंगात गेल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला काही दिवस घेते. दरम्यान विषाणू नसांकडे जाऊ नये म्हणून तयार प्रतिपिंडे थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. त्यालाच इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. हल्ली त्याऐवजी मोनोक्लोनल अँटिबॉडीही मिळते, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती तयार केली आहे. लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकते. इम्युनोग्लोब्युलिनसाठी मात्र पुष्कळदा मोठ्या रुग्णालयात जा असे सांगितले जाते. म्हणजे घाट उतरून गडचांदूर, तिथून राजुरा, आणि गरज पडली तर वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

आता पावसाळा आठवा. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला पूर आला तेव्हा राजुरा-बल्लारपूर मार्गावरच्या पुलावरून पाणी वाहत होते. भोयेगावकडून जाणारा गडचांदूर-चंद्रपूर रस्ताही मोठ्या पावसात असाच बंद होतो. अशा दिवशी मांजर चावलेला माणूस काय करतो? "चंद्रपूरला जायला सांगितले, रस्ता बंद आहे, पूर उतरल्यावर पाहू" असे म्हणून घरी बसतो. चंद्रपूरला जाता येत नाही म्हणून जवळच्या केंद्रातली लसही राहून जाते.

तसे करू नका. जखम धुवा, आणि जिथपर्यंत रस्ता चालू आहे तिथे जाऊन त्याच दिवशी लसीचा पहिला डोस घ्या. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्याच दिवशी मिळाले तर उत्तम. पण पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येते. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला लागतात आणि बाहेरून देण्याचा उपयोग राहत नाही. म्हणजे पूर उतरायला तुमच्याजवळ थोडे दिवस असतात, पण लस सुरू केली असेल तरच. बोटे, चेहरा, मान, डोके इथे चावा असेल तर मात्र हे दिवस मोजत बसू नका. तिथे नसा दाट असतात, मेंदू जवळ असतो. अशा वेळी १०८ ला फोन करा, सरपंचांना सांगा, तहसील कार्यालयात कळवा, कोणता रस्ता चालू आहे ते विचारून निघा.

आमच्या आरोग्य व्यवस्थेकडेही एक मागणी आहे, ती इथेच नोंदवतो. पावसाळ्यात जिथे रस्ते तुटतात तिथे इम्युनोग्लोब्युलिनचा थोडा साठा जूनपूर्वी घाटाच्या वर पोचलेला असावा. सर्पदंशाच्या औषधाबाबत हे तत्त्व आपण मान्य केले आहे, मग याला वेगळा न्याय का? महाग आहे, कमी मिळते, ही कारणे खरी आहेत. पण ज्याला मिळत नाही तोच माणूस रुग्णालयापासून सर्वांत लांब राहणारा असतो, हेही खरे आहे.

चावलेल्या मांजराला मारू नका

राग येतो, काठी उचलली जाते. थांबा. चावलेले मांजर जिवंत आणि डोळ्यांसमोर असणे तुमच्या फायद्याचे आहे. कुत्रा आणि मांजर यांच्याबाबत दहा दिवसांचा नियम आहे. ज्या प्राण्याच्या लाळेत चावताना विषाणू होता, तो दहा दिवसांत आजारी पडून मरतो. दहा दिवसांनंतरही मांजर ठणठणीत असेल तर डॉक्टर उरलेला शेवटचा डोस थांबवू शकतात. मात्र लस पहिल्या दिवशी सुरू करायची, दहा दिवस वाट पाहून नाही. मांजर मारले, हाकलले किंवा ते पळून गेले तर ते रेबीजचेच होते असे धरून पूर्ण उपचार करावे लागतात.

मांजराला दहा दिवस कोंडणार कसे, हा प्रश्न येईलच. कोंबड्या झाकायचे मोठे डालगे, वर दगड, आत पाण्याची वाटी आणि भाकरीचा काला. किंवा शेणाच्या गोवऱ्या ठेवायची खोली, दार लावून. खायला देताना हात आत घालू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. या काळात ते मेले तर उघड्या हाताने उचलू नका. लगेच लस देणाऱ्या डॉक्टरांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

रेबीज बाजूला ठेवला तरी मांजराचा चावा वाईटच. त्याच्या तोंडातले पाश्चुरेला नावाचे जंतू बारीक दाताबरोबर खोल जातात आणि बारा ते चोवीस तासांत हात सुजतो, लाल होतो, ठणकतो. बोटाच्या सांध्यापाशी चावा असेल तर सांधा कायमचा आखडू शकतो. अंगठी, बांगड्या लगेच काढा. मधुमेह असलेल्यांनी सूज येईपर्यंत थांबूच नये. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविक औषध हे त्याच भेटीत होऊन जाते.

आता मांजराची बाजू

पहिले काम लसीकरण. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, वर्षाने दुसरी, पुढे दरवर्षी. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करता येते, किंवा जिवतीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. २८ सप्टेंबरला, लुई पाश्चरच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिन पाळतात. त्या सुमारास कुत्र्यांच्या लसीकरणाची शिबिरे होतात. माझे म्हणणे असे की गावाने शिबिर मागताना "कुत्रे आणि मांजरे" असे लिहून मागावे. तीन घरांत फिरणाऱ्या मांजराचा मालक ग्रामपंचायतीने ठरवून टाकावा, हे मी अर्धे गमतीने म्हणतो आहे आणि अर्धे गंभीरपणे.

नेण्यासाठी तेच डालगे, तोंडाला पोते बांधून. मांजराला मांडीवर घेऊन दुचाकीवर निघालेली माणसे मी पाहतो. ट्रकचा हॉर्न वाजला की ते पहिली नखे तुमच्याच मांडीत रोवते. घाबरलेल्या किंवा जखमी मांजराला पकडायचेच असेल तर वरून जाड पोते किंवा घोंगडी टाका आणि सगळ्यासकट उचला. घरातल्या एकाच मोठ्या माणसाने हे काम करावे. आग लागली किंवा घर सोडायची वेळ आली तर मांजर बांधलेले, कोंडलेले राहू देऊ नका. मोकळे असले तर ते स्वतःचा जीव बहुधा वाचवते. त्याला शोधायला मात्र माणसाने पुन्हा आत शिरू नये.

विषबाधेबद्दल नीट ऐका, कारण यातली काही विषे आपणच प्रेमाने देतो. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नका. त्याचे यकृत ती पचवू शकत नाही, एका गोळीने मांजर मरू शकते. पिसवा झाल्या म्हणून कपाशीवर फवारायचे उरलेले औषध अंगाला चोळणे त्याहून वाईट. मांजर दिवसभर अंग चाटते, सगळे पोटात जाते. आणि त्याला मांडीवर घेणाऱ्या लेकराच्या हाताला ते लागते, ते वेगळेच. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलो नसू. कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते, तेही मांजराला घातक. उंदरांसाठी ठेवलेले काळे झिंक फॉस्फाइड खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर त्याच्या पोटात विषारी वायू तयार होतो. अशा मांजराची ओकारी बंद खोलीत वाकून साफ करू नका, दारे-खिडक्या उघडा, बाहेर थांबा. घरात मांजर असेल तर उंदराचे विष ठेवूच नये, असे मी म्हणेन. तुम्ही उंदीर मारायला कोणीतरी आधीच नेमलेले आहे.

मेलेली कोंबडी मांजरापुढे टाकायची सवयही सोडा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत हा विषाणू सापडला. मांजरकुळातल्या प्राण्यांना तो फार जड जातो. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या हाताने न उचलता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

रात्री मांजर घरात असलेले बरे. कुत्री आणि बिबट्या दोन्ही टळतात. पावसाळ्यात मांजर अर्धमेला साप तोंडात धरून घरात आणते, तेव्हा तो मेला आहे असे समजून हात लावू नका. तुटलेले डोकेही काही वेळ चावू शकते. कोणाला दंश झालाच तर चिरू नका, दोरी आवळू नका, तो अवयव हलू न देता १०८ बोलवा.

आणि रानमांजराची पिल्ले. तुरीच्या वावरात, कपाशीच्या ओळीत ती सापडतात, गोजिरवाणी दिसतात, मुले घरी आणतात. ती आईने टाकलेली नसतात, आई शिकारीला गेलेली असते. जिथे सापडली तिथेच ठेवा आणि लांब व्हा, रात्रीतून ती बहुधा घेऊन जाते. कायद्याने तो संरक्षित वन्यप्राणी आहे, पाळता येत नाही. उचलताना तो चावला किंवा ओरबाडला तर दहा दिवसांचा नियम इथे लागू होत नाही, उपचार पूर्ण करावे लागतात.

एवढे वाचून झाल्यावर आज एकच काम करा. जिथे रेंज मिळते त्या ठिकाणी जाऊन आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावा आणि विचारा: रेबीजची लस शिल्लक आहे का, रविवारी आणि रात्री मिळते का, इम्युनोग्लोब्युलिन सर्वांत जवळ कुठे आहे, पावसात रस्ता बंद झाला तर ते कुठून येईल. मिळालेली उत्तरे, तो फोन नंबर, १०८ आणि १९६२ हे सारे चुन्याने किंवा कोळशाने दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडण्याआधी, पुन्हा एकदा विचारा.